धोतरा वाहायचा असतो

शिखर शिंगणापूरच्या पायऱ्यांवर श्रावणात पूजेच्या टोपल्या मांडलेल्या असतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बेलाची त्रिदळं, पांढरी फुलं, नारळ, भस्माच्या पुड्या, आणि एका कोपऱ्यात लिंबाएवढी हिरवी काटेरी फळं. धोतऱ्याची. भाविक ती टोपली घेतो, रांगेतून गाभाऱ्यापर्यंत जातो, तिथल्या दोन लिंगांपुढे माथा टेकतो आणि टोपली रिकामी करतो. नारळाची कवड परत मिळते. पेढा परत मिळतो, बेलाचं एखादं पानही कुणी डोळ्यांना लावून खिशात घालतं. धोतरा मात्र परत मागायची पद्धत नाही. तो महादेवाकडे जातो आणि तिथेच राहतो. समुद्रमंथनातलं विष ज्याने गळ्यात ठेवलं त्याच्याकडे हेही ठेवायचं, असं त्यामागचं साधं गणित. माण तालुक्यातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती एका वाक्यात सांगेल: धोतरा वाहायचा असतो, खायचा नसतो.

माणसाचं भान बदलणाऱ्या वनस्पतींवर जगभर आज जी चर्चा चालू आहे, तिच्यातला निम्मा भाग या वाक्यात येऊन जातो. उरलेला निम्मा जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण काही समाजांनी अशा वनस्पती देवापुढे ठेवल्या आणि मग खाल्ल्याही. नुसत्या खाल्ल्या नाहीत, तर त्याभोवती रात्रभराची पूजा मांडली, गाणी रचली, नेम घातले. मांडणं हे क्रियापद आपल्याकडे फार कामाचं आहे. आपण पूजा मांडतो, घट मांडतो, डाव मांडतो, संसार मांडतो. त्यावरून या सगळ्या व्यवस्थेला इथे ‘मांड’ म्हणू. वस्तू एक गोष्ट आणि तिची मांड दुसरी, हे वेगळं केल्याशिवाय या विषयात पुढे सरकता येत नाही.

आधी वस्तू. धोतऱ्याचं फळ वाळलं की तडकतं आणि आत बिया दिसतात, एका फळात शेकड्यांनी. संस्कृत कोशात धोतऱ्याची नावं ओळीने दिली आहेत: उन्मत्त, कितव, धूर्त, कनक, मातुल, मदन. उन्मत्त म्हणजे वेडावलेला, कितव म्हणजे जुगारी, धूर्त म्हणजे ठक. नावं ठेवणाऱ्यांना परिणामही माहीत होता आणि गैरवापरही. वाटसरूंच्या अन्नात बियांचं पीठ मिसळून त्यांना लुटण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला, आणि म्हणूनच न्यायवैद्यकाच्या भारतीय पुस्तकांत धोतऱ्याला आजही स्वतंत्र जागा आहे. त्यात एक तक्ता हमखास असतो: धोतऱ्याची बी आणि मिरचीची बी यांतला फरक. दोन्ही चपट्या, दोन्ही मूत्रपिंडाच्या आकाराच्या. मिरचीची बी पिवळसर, पातळ, गुळगुळीत आणि तिखट. धोतऱ्याची थोडी मोठी, जाड, तपकिरी, पृष्ठभागावर बारीक खळगे, चव कडू. ब्लेडने उभी कापली तर आतला अंकुर मिरचीत टोकाशी आत वळलेला दिसतो, धोतऱ्यात बाहेर. मसाल्याच्या डब्यात गफलत होऊ शकते ती या साम्यामुळे.

या बियांत अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही तीन अल्कलॉइड असतात. ती शरीरातल्या अ‍ॅसिटिलकोलिन या निरोप्याची वाट अडवतात. मग लाळ आटते, घाम थांबतो, बाहुल्या मोठ्या होतात, जवळचं दिसेनासं होतं, छाती धडधडते, लघवी तुंबते, घाम नसल्यामुळे अंग तापत जातं. त्यामागून येतो भ्रम. माणूस हवेतल्या अदृश्य दोऱ्या वेचत बसतो, समोर नसलेल्या माणसाशी बोलतो, आणि मुख्य म्हणजे आपण बोलतोय ते खोटं आहे हे त्याला कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवतही नाही. याच अ‍ॅट्रोपिनचे थेंब डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाहुली मोठी करायला वापरतात. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाची बाधा झालेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हाही त्याचा जीव वाचवायला शिरेतून हेच देतात, कारण ते कीटकनाशक नेमकं उलटं काम करतं. रेणू तोच असतो. किती, कुणाला आणि कुणाच्या देखरेखीखाली, एवढंच बदलतं.

धोतऱ्यात ते ‘किती’ कळायचा मार्गच नाही. एकाच बांधावरच्या दोन झुडपांत प्रमाण वेगळं, एकाच झुडपाच्या पानात, फुलात, बीत वेगळं, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळं. आयुर्वेदाने त्याला उपविषांत घातलं ते उगाच नव्हे. बिया पोटलीत बांधून दुधात टांगत्या शिजवल्याशिवाय, म्हणजे दोलायंत्राने शोधन केल्याशिवाय औषधात घ्यायच्या नाहीत, हा नियम. कुणी धोतरा खाल्ला असेल तर मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढणं, लिंबू चोखायला देणं हे वेळ घालवणारे उद्योग आहेत. भान हरपलेल्या माणसाला ओकारीचा ठसका श्वासनलिकेत जाऊ शकतो. अंगावरचे कपडे सैल करा, ओल्या फडक्याने पुसा, एकटं सोडू नका, उरलेली बी किंवा फळ सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. फळं हाताळणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना: चीक लागलेल्या बोटाने डोळा चोळला तर त्या एकाच डोळ्याची बाहुली दिवसभर मोठी राहते आणि घरचे घाबरून मेंदूचा आजार समजतात. हात धुवावेत.

मेक्सिकोतल्या काही अळंबींत असलेलं सिलोसायबिन, पेयोटे निवडुंगातलं मेस्कलिन, प्रयोगशाळेत तयार झालेलं एलएसडी ही मंडळी वेगळ्या गोत्रातली. ती मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप्याच्या वाटेने काम करतात. रंग गडद होतात, काळ लांबतो, ‘मी’ची कड पुसट होते, पण बहुतेकांना आपण काहीतरी घेतलंय याचं भान राहतं आणि नंतर आठवणही राहते. हम्फ्री ऑझमंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६-५७च्या सुमारास त्यांच्यासाठी ‘सायकेडेलिक’ हा शब्द घडवला. अर्थ, मन प्रकट करणारं. इंटरनेटवर धोतरा आणि अळंबी एकाच यादीत ‘शमनांच्या’ म्हणजे मांत्रिक-भगतांच्या वनस्पती म्हणून येतात, तेव्हा ती यादी करणाऱ्याने दोन्हींपैकी कशाचाच अभ्यास केलेला नसतो असं खुशाल समजावं.

आता भांग. ती या दोन्हींच्या मधली. होळीला आणि महाशिवरात्रीला तिचं नाव निघतं, उत्तरेकडे जास्त, आपल्याकडे कमी. पाट्यावर पानं वाटायची, सोबत मिरी, बडीशेप, खसखस, मग दूध आणि साखर. यात दूध चवीपुरतं नसतं. भांगेतला नशेचा अंश पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. बहुतेकांचं चुकतं ते घड्याळात. ओढलेल्या गांजाचा असर काही मिनिटांत कळतो, प्यायलेल्या भांगेचा तास-दीड तासाने, कधी दोन तासांनी, कारण ती आधी आतड्यातून यकृतात जाते आणि तिथे तिचं आणखी जोरकस रूप तयार होतं. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून माणूस दुसरा पेला घेतो आणि मग दोन्ही पेले एकदम भेटायला येतात. भीती, धडधड, ‘आता मरतो’ ही खात्री. असर वाढवायला भांगेत धोतऱ्याची बी घालणारे महाभागही असतात, आणि भांग पिऊन माणूस दगावला अशी बातमी येते तेव्हा डॉक्टरांचा पहिला संशय तिकडे जातो.

१८९३ साली ब्रिटिश सरकारने भांग-गांजाची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्याचा सात खंडांचा अहवाल पुढच्या वर्षी आला. बेताच्या वापराने विशेष अपाय दिसत नाही आणि सरसकट बंदी नको, असा त्याचा निष्कर्ष. त्या अहवालाला ‘भांगेचा धर्म’ या विषयावर एक टिपण जोडलेलं आहे, जेम्स कॅम्पबेल यांचं. साताऱ्याशी या नावाचा संबंध आहे: १८८५ साली निघालेलं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर याच कॅम्पबेलच्या देखरेखीखाली तयार झालं. ओढेनाले, पिकं, जाती, किल्ले, बाजारभाव मोजणारा हा अधिकारी भांगेवर लिहायला बसला की एकदम भाविक होतो. भांगेच्या पानात रक्षक देवता राहते, ती योग्याचं मन स्थिर करते, असं तो गंभीरपणे लिहितो. साहेबाला काशीच्या साधूंनी चांगलंच भारलेलं दिसतं.

आपल्या संतांना मात्र कुणी भारू शकलं नाही. तुकोबांनी तोंडात तमाखूची नळी आणि पुढ्यात भांग घेऊन बसलेल्या कळीकाळच्या संतांची रेवडी उडवली आहे. ‘भांगभुर्का हें साधन’ असं उपरोधाने म्हणून ते थेट विचारतात, ‘तेथें कैंचा पांडुरंग’. वारकऱ्यांचा आक्षेप नशेपुरता नाही. मांडच नसलेल्या नशेला ‘साधन’ म्हणण्यावर आहे. गंमत अशी की पतंजलींनी योगसूत्रांच्या शेवटच्या भागात, कैवल्यपादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धी मिळण्याच्या पाच वाटा सांगितल्या आहेत: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. औषधी दुसऱ्या क्रमांकावर. भाष्यकार व्यासांनी मात्र ही औषधीची वाट असुरांच्या घरची, असं म्हणून तिची जागा दाखवून दिली. वाट आहे हे मान्य, मुक्कामाला पोचते हे अमान्य.

कायद्याचं थोडक्यात. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, नुसती पानं त्यात येत नाहीत. त्यामुळे काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा. सिलोसायबिन, मेस्कलिन, एलएसडी हे सगळे देशभर प्रतिबंधित मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत आहेत. धार्मिक कारणाची सवलत नाही.

शिंगणापूरहून वाईला आलं की विषयाचा पोत बदलतो. कृष्णाकाठच्या या गावात विश्वकोशाचं कार्यालय आहे, प्राज्ञपाठशाळा आहे, धर्मकोशाचं काम इथलंच, आणि केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोशही इथलाच. आणि मीमांसेत, म्हणजे वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, एक प्रश्न असा आहे की भान बदलणाऱ्या वनस्पतींवर बोलणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा. सोमयाग, म्हणजे सोम या वनस्पतीचा रस देवांना अर्पण करायचा यज्ञ, करायचा आहे आणि सोमच मिळाला नाही, तर?

सोम म्हणजे ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल, ११४ सूक्तं. त्याचा असर काय होता, हे दहाव्या मंडलातल्या एका सूक्तात ऐकू येतं. बोलणारा म्हणतो, ही पृथ्वी उचलून इथे ठेवू की तिथे ठेवू? आणि तेरा ऋचांत प्रत्येक वेळी तेच पालुपद, ‘कुवित्सोमस्यापामिति’, म्हणजे मी सोम तर नाही ना प्यालो! ही वनस्पती कोणती, यावर शे-दीडशे वर्षं वाद चालू आहे. एक गट एफेड्रा म्हणतो, इराणी परंपरेतला ‘हओम’ तोच. त्याने झोप उडते, दृष्टांत होत नाहीत. दुसरा गट हरमल म्हणतो. १९६८ साली गॉर्डन वॉसन यांनी लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी पुढे केली. ती बर्च आणि सूचिपर्णी झाडांच्या मुळांशी लागते, म्हणजे सह्याद्रीत तिला थारा नाही. सुश्रुताने तर सोमाचे चोवीस प्रकार सांगितले आणि शुक्ल पक्षात रोज एक पान फुटणारी, कृष्ण पक्षात रोज एक पान गाळणारी पंधरा पानांची वेल रंगवली. तोवर प्रत्यक्ष वनस्पती डोळ्यांआड होऊन ती चंद्रावर जाऊन बसली होती.

पण सोमाची मांड मात्र खिळ्या-खिळ्यासकट जपून ठेवलेली आहे. सोमयागाचा मूळ नमुना असलेला अग्निष्टोम पाच दिवसांचा, सोळा ऋत्विज, म्हणजे पुरोहित. सोम विकत घ्यायचा, तोही घासाघीस करून. त्यांतला अध्वर्यू गाईचा सोळावा हिस्सा देऊ करतो, विकणारा म्हणतो सोमराजाची किंमत जास्त आहे. मग आठवा हिस्सा, मग पाव, मग अर्धी, शेवटी अख्खी गाय. सौदा झाला की विकणाऱ्याला हुसकावून लावायचं आणि सोमाला राजा म्हणून पाहुण्यासारखं घरात घ्यायचं. जमिनीत चार खड्डे, म्हणजे उपरव, त्यांवर दोन फळ्या, फळ्यांवर कातडं, आणि त्यावर शेवटच्या दिवशी दगडांनी सोम कुटायचा. खालचे खड्डे पोकळ, त्यामुळे कुटण्याचा आवाज घुमतो. हा घुमारा अपघाताने आलेला नाही, तो मुद्दाम बांधलेला आहे. रस मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून द्रोणकलशात, मग त्यात दूध, दही किंवा जव. सकाळी, दुपारी आणि तिसऱ्या प्रहरी अशी तीन सवनं, म्हणजे रस काढायच्या वेळा. कोणी कुठल्या चमसातून, म्हणजे लाकडी पेल्यातून, कोणाच्या आधी, कोणता मंत्र झाल्यावर प्यायचं हे सारं ठरलेलं. आणि बाधलं तर? तीही सोय आहे. सोम अंगाला न मानवून ज्याला ओकारी झाली त्याच्यासाठी सौत्रामणी नावाची वेगळी इष्टी सांगितली आहे. इंद्रालाही ती करावी लागली. ज्या परंपरेने बिघाडाचा विधी आधीच लिहून ठेवला, तिला वस्तूची ताकद चांगली ठाऊक होती.

आता मीमांसकांचं उत्तर. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायात, प्रतिनिधीचा, म्हणजे बदली वस्तूचा विचार आहे. सोम नसेल तर पूतीक ही वनस्पती घ्यावी. शतपथ ब्राह्मणाने आणखीही पर्याय दिले आहेत, अगदी दूर्वा आणि हिरव्या कुशापर्यंत. पण प्रतिनिधी घेतला म्हणून मंत्र बदलायचा नाही. कुटताना हातात पूतीक असली तरी तोंडात ‘सोम’ हाच शब्द. आज महाराष्ट्रात सोमयाग होतात तेव्हा बहुधा जी सोमवल्ली कुटली जाते ती दख्खनच्या कोरड्या खडकाळ उतारांवर लागणारी, पानं नसलेली, पेन्सिलीएवढ्या हिरव्या कांड्यांची, मोडली की पांढरा चीक येणारी वेल. रानशेर म्हणतात तिला. तिच्यात नशा नाही. वस्तू गेली, घुमणारे खड्डे राहिले. हे पतन झालं की प्रगती, यावर भांडता येईल. आमचं मत असं की ज्यांनी तीन हजार वर्षं मांड टिकवली त्यांना वस्तूची फारशी गरज उरली नव्हती.

सोमावर लिहिणारे वॉसन मुळात न्यूयॉर्कच्या एका बँकेत उपाध्यक्ष, आणि त्यांची खरी ख्याती वेगळ्याच गावामुळे. २९ जून १९५५च्या रात्री मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या वाउत्ला दे हिमेनेस गावी मारिया साबिना नावाच्या मासातेक जमातीतल्या बाईने त्यांना आपल्या वेलादात, म्हणजे जागरात, बसू दिलं. तिथली मांड बघा. प्रश्न असल्याशिवाय जागर नाही. कुणी आजारी आहे, कुणी हरवलंय, उत्तर हवंय, तरच. आधी आणि नंतर चार-चार दिवस ब्रह्मचर्य. वेळ रात्रीची, कारण दिवसा खाल्लं तर वेड लागतं अशी समजूत. अळंब्या, ज्यांना मारिया साबिना ‘पवित्र लेकरं’ म्हणत, कोपलच्या धुपावर फिरवायच्या, जोडीजोडीने वाटायच्या, सावकाश चावायच्या, मग मेणबत्ती विझवायची. पुढचे काही तास बाई गातात, टाळ्या देतात, आपण कोण आहोत ते ओळीमागून ओळ सांगत जातात. खाणाऱ्याला अंधारात त्या आवाजाची दोरी असते. वॉसन यांनी कारण म्हणून आपल्या मुलाची काळजी सांगितली होती. त्यांना पाहायचा होता विधी. म्हणजे सुरुवातच थोड्या खोटेपणाने झाली.

१३ मे १९५७ला त्यांचा सचित्र लेख अमेरिकेतल्या मोठ्या साप्ताहिकात आला. बाईचं नाव बदललेलं होतं, तरी लोकांनी गाव शोधून काढलं. मग दहा-पंधरा वर्षं परदेशी तरुणांची रीघ लागली. त्यांना प्रश्न नव्हता, आजारी माणूस नव्हता, चार दिवसांचा नेम नव्हता. दिवसाउजेडी खायचे आणि रस्त्यात पडायचे. पोलीस आले, गावकरी बाईंवर उलटले, त्यांचं घर जाळलं गेलं. ‘लेकरां’ची ताकद गेली, ती आता आपल्याशी बोलत नाहीत, असं त्या उतारवयात सांगत. रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ साली या अळंबीतून सिलोसायबिन वेगळं केलं आणि १९६२ साली ते त्याच्या गोळ्या घेऊन मारिया साबिनांकडे गेले. त्या गोळ्या खाऊन बाईंनी जागर केला आणि सांगितलं, यातही तोच आत्मा आहे. रसायन तेच, मांड तीच, म्हणून अनुभव तोच. मांड काढून टाकली तेव्हा खरी अळंबीही मुकी झाली. याहून स्वच्छ प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत झाला असेल असं वाटत नाही.

प्रयोगशाळांनी पुढे हेच पुन्हा शोधलं. २० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे, बॉस्टनचं मार्श चॅपेल. संशोधक वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांना तळघरातल्या छोट्या प्रार्थनागृहात बसवलं, वरचं प्रवचन ध्वनिक्षेपकावरून खाली येत होतं. दहा जणांना सिलोसायबिन, दहा जणांना अंग गरम करणारं निकोटिनिक आम्ल. पहिल्या गटातल्या बहुतेकांना गूढ अनुभव आला. मूळ अहवालात न आलेली गोष्ट १९९१च्या पाठपुराव्यात कळली: एक विद्यार्थी भारावून बाहेर रस्त्यावर गेला होता आणि त्याला शांत करायला औषध टोचावं लागलं होतं. दार कोण सांभाळतंय, हे कुणी ठरवलं नव्हतं.

२००६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सिलोसायबिनचा ३६ जणांवरचा अभ्यास छापला तेव्हा दार सांभाळलेलं होतं. आधी अनेक तासांच्या भेटी, मग घरासारखी खोली, कोच, डोळ्यांवर पट्टी, कानांत ठरवून लावलेलं संगीत, दोन सोबती, आठ तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलणं. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांतला एक मानला. आणि जवळपास तिसऱ्या हिश्शाला, एवढी सगळी तयारी असूनही, तीव्र भीती वाटली. हा दुसरा आकडा उत्साही लोक सांगायचा विसरतात. अशा चाचण्यांत स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर घेतच नाहीत. बायपोलर, हृदयविकार, गरोदरपण, लिथियमची गोळी चालू असणं, यांनाही नकार. सोमयागात यजमानाची पात्रता बघत, तशीच ही चाळणी.

वस्तू शून्य आणि मांड पूर्ण, असं पाहायचं असेल तर सातारा-सांगलीकडे फार लांब जावं लागत नाही. लग्नानंतरचा गोंधळ घ्या. पाटावर नवा खण, त्यावर तांदळाचा चौक, कलश, विड्याची पानं, सुपारी, नारळ, वर पाच उसांची किंवा ज्वारीच्या धाटांची खोपडी. दिवटी पेटते, बुधलीतून तेल पडत राहतं. संबळाची एक बाजू उंच सुराची, दुसरी खर्जाची, खर्जावर वाकड्या काठीचा ठोका. तुणतुणं सूर धरतं. आधी आवाहन, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, पालीचा खंडोबा, शिंगणापूरचा शंभू, एकेकाचं गाव घेऊन बोलावणं. मग आख्यान, विनोद, आणि पहाटेकडे आरती. आरतीला संबळाची लय दुप्पट होते, आणि तिथेच कुणाला तरी वारं येतं.

वारं आलेल्या बाईभोवती काय होतं ते बारकाईने बघण्यासारखं असतं. कुणी न सांगता दोन बायका मागून कमरेला हात घालतात. दिवटीवाला दोन पावलं मागे सरतो. पोरं आवरली जातात. कपाळाला हळदकुंकू लावून वडीलधारी बाई विचारते, ‘कोण आलंय? काय चुकलं आमचं?’ देवाला बोलायला वाव दिला जातो, पण किती बोलायचं यालाही हद्द असते. लिंबू उतरवतात, अंगारा लावतात, ‘आता जा माघारी’ म्हणतात, पाणी पाजतात. बाई दमून बसते, आणि सकाळी तिला कुणी त्यावरून टोमणा मारत नाही. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत गजी ढोलाच्या घाईत, भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात घुमणारे पुरुष असतात, त्यांनाही अशीच माणसं मागून धरून असतात. शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटाने कावड चढते तेव्हा त्या उभ्या कड्यावर एकमेकांच्या हातांची साखळीच असते. उपास, उन्हं, लय, गर्दी आणि श्वास, या पाच गोष्टी शरीरात जे करतात त्याला बाहेरून काही खावं लागत नाही.

इथेही बिघडतं. फिट आलेल्या मुलीला देव आला समजून संबळ वाजवत ठेवणं हा सर्वांत जुना घोटाळा. ओळख अवघड नसते: वारं ढोलाच्या लयीवर चालतं, विचारलेलं ऐकतं. फिटीला ढोलाची लय कळत नाही, दातखीळ बसते, जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते, मिनिट-दोन मिनिटांत आचके थांबून ग्लानी येते. कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी काढायची. दुसरा घोटाळा मांड सोडून येणाऱ्या देवाचा. गोंधळाच्या रात्रीपुरता येणारा देव दर मंगळवारी बैठकीला यायला लागला, पावती फाडायला लागला, औषध बंद करा म्हणायला लागला, की तो वेगळाच धंदा. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य घातलं ते या धंद्याविरुद्ध. २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात नेमकी हीच रेघ आहे: अंगात आल्याचं भासवून भीती घालणं, न ऐकल्यास वाईट होईल असं धमकावणं हा गुन्हा. नुसतं घुमणं गुन्हा नाही. याच डॉक्टरांनी साताऱ्यात व्यसनमुक्तीचं केंद्रही उभं केलं, यात विसंगती शोधणाऱ्यांनी तुकोबांचा तो अभंग पुन्हा वाचावा.

कुठल्याही मांडेचा विचार करताना सर्वांत दुर्लक्षित राहतो तो शेवटचा भाग. हॉपकिन्सची दुसऱ्या दिवसाची भेट, वाउत्लातले नंतरचे चार दिवस, अग्निष्टोमाच्या अखेरीचं अवभृथ स्नान. गोंधळातही उजाडताना उत्तरपूजा होते. चौकावर अक्षता पडतात, कलश जरासा हलवला जातो, बोलावलेल्या देवांना आपापल्या गावी जायला सांगितलं जातं. खोपडीचे ऊस सोडून पोरांना वाटतात. दिवटी फुंकत नाहीत, तिच्यावर दूध घालतात. चर्रर्र आवाज होतो, करपलेल्या दुधाचा वास घरभर पसरतो, आणि गोंधळी म्हणतो, ‘दिवटी शांत केली.’ विझवली म्हणायची पद्धत नाही.